नांदेडच्या दप्तरी परभणीचे मृत्यू

परभणी जिल्ह्यातील अर्भकमृत्यू व मातामृत्यूंचे आकडे तालुकानिहाय जाहीर झालेच पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३च्या आरंभी चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. लांबून, शेजारच्या जिल्ह्यांतूनही अत्यवस्थ रुग्ण येतात, असा खुलासा तेव्हा झाला.

तो खरा मानला तर मामला अधिकच गंभीर आहे. मृत्यू जिथे घडतो तिथेच तो नोंदवायचा, असा कायदा. जिंतूरचे किंवा पालमचे बाळ नांदेडात दगावले, की परभणीच्या मृत्यूनोंदवहीत त्याचा मागमूस नाही. पाठवणारा तालुका नामानिराळा. जाब फक्त स्वीकारणाऱ्या रुग्णालयाला. २०२०मध्ये राज्याचा अर्भक मृत्युदर हजारी १६ होता, देशाचा २८. सरकारने या सरासरीवर पाठ जरूर थोपटून घ्यावी. पण हे दर देणाऱ्या नमुना नोंदणीच्या अहवालात जिल्ह्याचा आकडाच नसतो.

आता परभणीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या मदतीने जिल्हा परिषदेने प्रत्येक मृत्यूचे अन्वेषण करावे आणि मातेच्या राहत्या गावानुसार तक्ता दर तिमाहीला प्रसिद्ध करावा. पहिला तक्ता येत्या तिमाहीतच हवा.