धुरा सोडण्याचे धैर्य

संस्था काढणारा माणूस हिशेब, पत्रव्यवहार, जागेची देखभाल हे सारे विनातक्रार दुसऱ्यावर सोपवितो. परंतु नाटक कोणते बसवावे, अंकाचे मुखपृष्ठ कसे असावे, हा निर्णय मात्र त्याच्या हातून सुटत नाही. आपली दृष्टी हीच संस्थेची दृष्टी, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. मराठी चित्रपटाच्या आरंभकाळातच या समजुतीची कसोटी लागली होती.

बाबूराव पेंटरांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिष्यांना वाव दिला नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९२७ चा ‘नेताजी पालकर’ शांतारामांनी, तर १९२८ चा ‘महारथी कर्ण’ दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. मात्र त्यांना काम मिळाले; भागीदारी मिळाली नाही. १९२९ मध्ये हे शिष्य बाहेर पडले आणि केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह पाच भागीदारांची ‘प्रभात’ उभी राहिली.

तेथेही आरंभी दिग्दर्शन मुख्यतः शांतारामांकडेच होते. दामले ध्वनीची बाजू पाहत, फत्तेलाल कलेची. असे असता १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ या दोघांच्या हाती देण्यात आला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. शांतारामांनी तो काढला असता तर कदाचित अधिक देखणा झाला असता. देहूच्या वाण्याचा झाला असता की नाही, याची शंका वाटते. शिवाय शांतारामांचे त्यात काय गेले? त्याच छपराखाली १९३७ मध्ये त्यांनी ‘कुंकू’ काढलाच.

पण ही उदारता बहुतांशी भागीदारांपुरतीच राहिली. गजानन जागीरदारांच्या १९४४ च्या ‘रामशास्त्री’ने बाहेरच्याही हातात बळ असल्याचे दाखविले खरे, तोवर उशीर झाला होता. १९४२ मध्ये शांताराम गेले, १९४५ मध्ये दामले निवर्तले. मागे धुरा वाहण्यास तयार केलेली फळी नव्हती.

आजही अनेक शिक्षणसंस्थांत स्नेहसंमेलनाचे नाटक शिक्षकाने बसवावयाचे असते. संहिता, पात्रे, इतकेच काय, पडद्याचा रंगही संस्थापकांना विचारून ठरतो. रंगीत तालमीच्या दिवशी अखेरचा प्रवेश बदलण्याचा अधिकार ते राखून ठेवतात. नाटक पडले, तर ते शिक्षकाचे असते.