घोड्याच्या जिभेचा इतिहास

‘जिभेला लगाम घाल’ असे आपण माणसाला बजावतो. घोड्याच्या बाबतीत ते शब्दशः घडते, हे मात्र विसरतो.

एप्रिल १८१८ मध्ये, आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळ, शिवणी येथे कर्नल ॲडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याला गाठले. या लढाईची चर्चा आपण तोफा-तलवारींच्या हिशेबाने करतो. ज्या घोडदळाच्या बळावर पेशव्यांची सारी धावपळ चालली होती, त्याच्या तोंडातील लोखंडाकडे कोणी पाहत नाही.

लगामाची लोखंडी कांब पुढचे दात आणि दाढा यांच्यामधील मोकळ्या हिरडीवर, जिभेला आडवी बसते. लगाम खेचला की भार जिभेवर आणि हिरडीवर येतो. कांबेला मधोमध कमान असेल, तर जिभेला जागा मिळते. काटे असतील, तर जीभ रक्तबंबाळ होते. काटेरी लगाम हिंदुस्थानात दीर्घकाळ वापरला गेला. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनी अशा लगामाला मनाई केली.

घोडदौडीचे गुणगान करणाऱ्या इतिहासाने त्या दौडीची किंमतही नोंदवायला हवी. संग्रहालयात तलवारीपाशी थांबता, तसे लगामापाशीही थांबा आणि कांबेचा मध्य निरखून पाहा. तिथे कमान आहे की काटे?