कामचुकार म्हणजे चोर नव्हे

छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलातील अपहार डिसेंबर २०२४ मध्ये उघडकीस आला. महिना १३ हजार रुपये पगाराच्या कंत्राटी कर्मचाऱ्याने २१ कोटी ५९ लाख रुपये वळते केल्याचा आरोप आहे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, संकुलाच्या लेटरहेडचा गैरवापर करून खात्याशी जोडलेला ई-मेल बदलण्यात आला आणि नेट बँकिंगची चावी हाती आली. गावभर चर्चा रंगली ती मात्र बीएमडब्ल्यू गाडीची.

अशा प्रकरणानंतर कार्यालयांत हजेरी कडक होते, उशिरा येणाऱ्यांना नोटिसा जातात. आज दांडी मारणारा उद्या तिजोरीत हात घालेल, हा समज त्यामागे असतो. तो अर्धाच खरा आहे.

मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या घातक वर्तनाचे पाच प्रकार वेगळे करून तपासले : इतरांना त्रास देणे, मुद्दाम काम वाईट करणे, नासधूस, चोरी आणि कामापासून पळणे. यातले एक करणारा दुसरेही करण्याची शक्यता वाढते, हे खरे. पण प्रत्येकाचे मूळ वेगळे निघाले. शिवीगाळ आणि नासधूस यांचे नाते राग व ताणाशी होते. उशीर, दांडी, लांबलेला चहा यामागे कंटाळा आणि खट्टू झालेले मन होते. चोरीचा मात्र भावनांशी संबंधच दिसला नाही.

म्हणजे सतत दांडी मारणाऱ्याकडे आधी थकवा किंवा नैराश्य तर नाही ना, हे पाहायला हवे. नोटीस नंतरही देता येते.

चोरीमागे अन्यायाची भावना कधीच नसते, असे नाही. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील कारखान्यांचा अभ्यास मांडला. दहा आठवडे १५ टक्के पगारकपात झाली. जिथे कारण नीट समजावले नाही, तिथे चोऱ्या बऱ्याच वाढल्या. जिथे आस्थेने सांगितले, तिथे त्या मानाने कमी. पण ही कारखान्यातल्या किरकोळ वस्तूंची गोष्ट. कोटींची रक्कम नुसत्या रागाने हलत नाही, त्याला वाट मोकळी लागते. संकुलाच्या खात्यातून पैसे जात राहिले ते सुमारे सहा महिने, असे तपासात म्हटले आहे. तेवढ्या काळात बँकेचे विवरणपत्र दुसऱ्या कुणी महिन्यातून एकदा जरी नोंदवहीशी ताडून पाहिले असते, तर पहिल्याच महिन्यात आकडे जुळले नसते. अंगठा लावायच्या यंत्राला हे कळण्याचे कारण नाही.