तहान लागण्यापूर्वीची विहीर

मुलांनो, तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये, ही शिकवण तुम्ही घरी पुष्कळदा ऐकली असेल. ती जशी एका माणसाला, तशीच सबंध समाजालाही लागू पडते. संकट काही सांगून येत नाही. म्हणून दुर्बलांना आधार देणारी व्यवस्था सुखाच्या दिवसांतच उभारून ठेवली पाहिजे, असे माझे मत आहे.

१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. मी तेव्हा तुमच्याहून लहान होतो. विहिरी आटल्या, शिवारे ओसाड झाली. ज्यांच्या शेतावर एरवी गडीमाणसे राबत, त्यांच्याही हाती हातोडा आणि पाटी आली. माझी आई भर उन्हात खडी फोडी आणि त्या मजुरीवर आमची चूल पेटे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्यांच्या श्रमांतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले. आईने आणलेल्या भाकरीत कष्ट होते, पण लाचारी नव्हती.

मागेल त्याला काम द्यावे, हा विचार वि. स. पागे यांनी १९६५ सालीच मांडला होता. पुढे पाऊस आला, शेते हिरवी झाली; तरीही हा विचार मागे पडला नाही. १९७५ साली नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. त्याचे उत्पन्न रोजगार हमीसाठी वापरावे आणि त्यात सरकारने तेवढीच भर घालावी, असे ठरले. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या अडचणीत वाटा उचलावा, ही केवढी उदात्त कल्पना! २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमीचा कायदा राज्यात अमलात आला. जी मदत होती, ती हक्क झाली. पुढे २००५ साली संसदेनेही ग्रामीण भागासाठी असाच कायदा केला.

परंतु विहीर खणली म्हणजे सारे झाले, असे नाही. २०२० साली करोनाची साथ आली आणि मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली. मुंबई-पुण्यातील परप्रांतीय मजुरांची कामे एका दिवसात थांबली. सरकारी कोठारांत धान्य होते. पण बहुतेकांची शिधापत्रिका दूरच्या गावच्या दुकानाशी बांधलेली होती. कडेवर मूल आणि डोक्यावर गाठोडे घेऊन असंख्य माणसे शेकडो मैल पायी निघाली. विहीर होती, पण तहानलेल्यापासून दूर होती! कोणत्याही गावी धान्य मिळावे, अशी 'एक राष्ट्र, एक शिधापत्रिका' योजना काही राज्यांत २०१९ साली सुरू झाली होती. ती देशभर पोहोचण्यास मात्र २०२२ साल उजाडले.

कोणी म्हणेल, 'संकट येईल की नाही, हेच ठाऊक नसताना एवढा खर्च कशाला?' अशांनी शेतकऱ्याच्या घरी जाऊन पाहावे. घरात धान्य कमी पडले, तरी तो बियाण्याला हात लावीत नाही. पुढचा पाऊस केव्हा येईल, हे त्याला ठाऊक नसते. पण तो येईल तेव्हा बी हाताशी असलेच पाहिजे, हे तो पक्के जाणतो.

ह्या दोन संकटांनी आपल्याला दोन धडे दिले आहेत. आधाराची व्यवस्था संकटापूर्वी सिद्ध असावी आणि माणूस जिथे जाईल तिथे ती त्याच्यामागे जावी. पुढचे संकट दुष्काळ असेल, महापूर असेल की साथ असेल, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. मात्र त्या दिवशी कोणाही आईला मुलाला कडेवर घेऊन उपाशीपोटी रस्ता तुडवावा लागू नये, एवढे आपण आजच ठरवू शकतो. उद्याचे नागरिक तुम्ही आहात. ही विहीर खोल ठेवण्याचे आणि ती सर्वांना खुली ठेवण्याचे काम आता तुमच्या हाती यावयाचे आहे.