दंडावरचा व्रण आणि कॅन्सरचं औषध

शर्टाची डावी बाही जरा वर करा. दंडावर छोटा गोल व्रण दिसतोय? लहानपणी टोचलेल्या बीसीजी लशीची ती खूण. लस टीबीसाठीची, पण मूत्राशयाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरवरही डॉक्टर तीच वापरतात. १९७६ मध्ये कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी हे दाखवून दिलं. दुबळे केलेले जंतू मूत्राशयात सोडले की शरीराची प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते आणि जंतूंबरोबर कॅन्सरच्या पेशींवरही तुटून पडते. केमोथेरपीचं औषध थेट पेशी मारतं. इथे मारायचं काम आपलंच शरीर करतं. यालाच म्हणतात इम्युनोथेरपी.

मग आपली प्रतिकारशक्ती आधीच का लढत नाही? कारण कॅन्सरची पेशी परकी नसते, ती घरभेदी असते. रक्तातल्या टी-पेशी शरीरात पहारा देतात. त्यांनी आपल्याच अवयवांवर हल्ला करू नये म्हणून त्यांना ‘ब्रेक’ दिलेले असतात. कॅन्सर नेमका हाच ब्रेक दाबून ठेवतो. तो सोडवता येतो, हे शोधल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. निवोलुमॅब हे अशाच प्रकारचं औषध. सलाइनसारखं शिरेतून देतात.

डोस कमी, फरक मोठा

अडचण एकच, किंमत. इथे मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं साधा प्रश्न विचारला : एवढा डोस खरंच लागतो का? डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या भागातला, उलटलेला किंवा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नेहमीच्या स्वस्त गोळ्या, निम्म्यांना त्या गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. हा नेहमीच्या डोसच्या दहा टक्क्यांहूनही कमी. वर्षभरानंतर पहिल्या गटात सुमारे १६ टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्यात ४३ टक्के. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आकडा नीट वाचा. शंभरातले ५७ जण वर्षभरात गेलेच. हा चमत्कार नाही. पण ज्यांच्यासाठी फारसं काही उरलं नव्हतं, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. आणि तोंडाचा कॅन्सर कुणाला होतो, हे सातारा-सांगलीत वेगळं सांगायला नको. सकाळी मिश्री लावणारी आजी, तंबाखूची चिमूट दाढेत धरून रानात जाणारे काका आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

चार कोटी ते चाळीस लाख

दुसरी बातमी ४ एप्रिल २०२४ ची. आयआयटी मुंबईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते देशी कार-टी उपचाराचं उद्घाटन झालं. प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालेलं काम, टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या चाचण्या आणि त्यातूनच उभी राहिलेली इम्युनोॲक्ट कंपनी. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखणारं नवं जनुक द्यायचं, त्यांची संख्या वाढवायची आणि परत रुग्णाच्या रक्तात सोडायच्या. रक्ताच्या काही ठरावीक कॅन्सरवरच हा उपचार चालतो, तोंडाच्या किंवा स्तनाच्या नाही. परदेशात खर्च चार कोटींच्या घरात, इथे तीस ते चाळीस लाख.

स्वस्त झालं? हो. परवडलं? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. उरलेले पैसे कुठून आणायचे? जमीन विकून? खरा प्रश्न इथेच आहे. संशोधन मुंबईत झालं, पण रुग्ण आजही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून दादरला उतरतो आणि धर्मशाळेत जागा शोधतो. कार-टीला मोठी प्रयोगशाळा आणि अतिदक्षता विभाग लागतोच. पण कमी डोसचं निवोलुमॅब? ते द्यायला परळच गाठलं पाहिजे असं नाही. प्रशिक्षित डॉक्टर, तपासण्यांची सोय आणि दुष्परिणामांवर नजर एवढं असेल, तर कराड-मिरजेतही ते देता येईल. आपण मागणी करायची ती याची.

काढा म्हणजे इम्युनोथेरपी नव्हे

‘इम्युनिटी वाढवा, कॅन्सर पळवा’ असा मेसेज घरच्या ग्रुपवर आला असेल. पावडर, काढा यांचा आणि वरच्या उपचारांचा काही संबंध नाही. उलट, सुटलेली प्रतिकारशक्ती फुप्फुसं, आतडी, थायरॉइड यांवरही हल्ला करू शकते. म्हणून हे औषध तज्ज्ञाच्या देखरेखीतच घ्यायचं. काढ्याच्या नादात गेलेले तीन महिने मात्र परत मिळत नाहीत.

तुमच्या हातात काय आहे? कॉलेजच्या गेटसमोरच्या टपरीवर पहिली पुडी फाडायची की नाही, हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. आणि घरी कुणाच्या तोंडात तीन आठवडे न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर ‘होईल बरं’ म्हणू नका. गाडी काढा आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जा. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते आणि त्याला चाळीस लाखही लागत नाहीत.