सोळा म्हणजे सोळाच नव्हे

फोल्डिंग सायकल घ्यायची म्हटली की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "वजन किती?" किंमत नाही, घडी किती वेळात होते ते नाही, चालवायला कशी आहे तेही नाही. वजन! समोरचा 'नऊ किलो' म्हणाला की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. 'तेरा' म्हणाला की चेहरा असा होतो, जसं काही बिचाऱ्याला कुणीतरी गंडवलंय. काही वर्षांपूर्वी मीही याच पंथातला होतो, म्हणून आज जरा रागावून लिहितोय. राग बराचसा स्वतःवरच आहे, पण वाचणाऱ्याने त्यातला थोडा अंगावर घेतला तरी हरकत नाही. :-)

म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. रोजच्या ये-जा साठी आणि प्रवासासाठी घडीची सायकल निवडताना वजन हा तिसऱ्या-चौथ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की तुम्ही जिथे जाणार तिथे तिचा टायर मिळतो का?

माझं 'जिथे' म्हणजे जवळा बाजार. तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी परभणी, तिथून हिंगोलीकडे जाणारी एसटी, झिरो फाटा, हट्टा आणि मग आमचं गाव. घरी अण्णा असतात, वय ७१. शेत गावापासून पाचेक किलोमीटर. मोटारसायकल आहे ती चुलतभावाची, आणि ती मागायची म्हणजे आधी त्याचा दिवसभराचा कार्यक्रम ऐकून घ्यायचा. त्यामुळे आपलं वाहन आपल्याबरोबर न्यावं, ही कल्पना मला भलतीच आवडली होती. पुण्यातही उपयोग होणारच होता. मी वनाझहून मेट्रोने रामवाडीला उतरतो आणि तिथून पुढे खराडीपर्यंत जातो. हा शेवटचा तुकडा रिक्षावाल्यांच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा सायकलवर केलेला बरा.

तर घेतली. नऊ किलोची, सोळा इंची चाकं, अ‍ॅल्युमिनियमची, ७२ हजार रुपये. ब्रॉम्प्टन नव्हे, त्याच पद्धतीची घडी होणारी दुसरी एक. नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. दुकानात शेजारीच वीस इंची, तेरा किलोची साधी सायकल होती २२ हजारांची. तिच्याकडे मी ढुंकून पाहिलं नाही. चार किलोसाठी पन्नास हजार जास्त, म्हणजे किलोला साडेबारा हजार. तेही काहीतरी मिळण्यासाठी नव्हे, काहीतरी *नसण्यासाठी*! हा हिशेब दुकानात केला असता तर आजचा लेख लिहायची वेळ आली नसती.

मे महिन्याच्या शेवटी तीन दिवसांची रजा काढून गावी गेलो. मृग तोंडावर आला होता, बी-खताची जुळवाजुळव करायची होती. एसटीत कंडक्टर म्हणाला, "हे काय हो? व्हीलचेअर हाय का?" सायकल आहे म्हटल्यावर म्हणाला, "मंग टपावर टाका की." आणि स्वतःच हसला, "टपाला आता शिडीच न्हाई म्हणा." लगेजचं तिकीट फाडायचं की नाही यावर तो थोडा वेळ विचारात पडला आणि शेवटी पुढच्या सीटमागे ठेवू दिली. गावात उतरून पाराजवळ घडी उघडली तेव्हा आठ-दहा पोरं जमली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी शेताच्या पांदणीत नवी खडी टाकलेली होती. अरुंद टायर, त्यात हवा दगडासारखी टाइट. एका कडेच्या खडीने टायरची बाजू दोन बोटं चिरली. पंक्चर नव्हे, टायरच गेला. अण्णा मागून त्यांच्या जुन्या काळ्या सायकलवर आले, उतरले, चिरलेल्या टायरमध्ये बोट घालून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले,

"हलकी हाय म्हणला व्हतास ना? मग घे की खांद्यावर."

घेतली. पाच किलोमीटर. नऊ किलो खांद्यावर घेऊन चालताना चौथ्या किलोमीटरला ते नऊ आहेत की तेरा, हे कळत नाही, एवढं अनुभवाने सांगतो.

बाजारात आमचे एक सायकलवाले चाचा आहेत. माझ्या शाळेच्या सायकलीचं पहिलं पंक्चर त्यांनीच काढलेलं. त्यांनी टायर उलटा-सुलटा केला, भिंतीवर लटकलेला लहान मुलांच्या सायकलचा सोळा इंची टायर काढला आणि रिमवर धरला. बसेना. टायर लहान, रिम मोठी. मी म्हटलं, चाचा, दोन्हीवर सोळाच लिहिलंय की! चाचा म्हणाले, "साहेब, हे बी सोळाच हाय. पर हे आपलं सोळा न्हाई."

एवढी साधी गोष्ट मला, दिवसभर डेटा टाइपवरून भांडणाऱ्या माणसाला, माहीत नव्हती. टायरवरचा 'इंच' हा आकडा म्हणजे निव्वळ टोपणनाव आहे. खरी ओळख बाजूला बारीक अक्षरात छापलेली असते, जोडून लिहिलेले दोन आकडे, उदाहरणार्थ ४७-४०६. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा. दुसरा म्हणजे टायरच्या कडेची तार रिमच्या ज्या खाचेवर बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. हा दुसरा जुळला तरच टायर बसतो. मुलांच्या सायकलचा १६ × १.७५ म्हणजे ३०५. ब्रॉम्प्टन आणि तिच्या वळणाच्या सायकलींचा १६ × १-३/८ म्हणजे ३४९. फरक ४४ मिलिमीटर! वीस इंचातही तीच गंमत. २० × १.७५ म्हणजे ४०६, पण २० × १-३/८ असं लिहिलेलं दिसलं तर ते बहुधा ४५१. व्हेरिएबलचं नाव एकच, टाइप वेगळा, आणि कंपाइलर तुम्हाला पांदणीत एरर देणार.

आता जवळा बाजारच्या भिंतीवर काय लटकलेलं असतं ते पाहा. मोठ्या काळ्या सायकलींचा २८ × १-१/२, म्हणजे ६३५. शाळकरी पोरापोरींच्या सायकलींचे टायर, कारण हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवीच्या पुढच्या मुलींना सायकली मिळाल्या आणि दुकानदार जे रस्त्यावर फिरतं तेच ठेवतो. आणि लहान मुलांचे टायर, त्यात वीस इंची ४०६ आलाच. म्हणजे दुकानातली ती २२ हजारांची, मी ढुंकून न पाहिलेली सायकल इथे फाटली असती, तर चाचांनी एका चहात टायर बदलून दिला असता. माझ्या ३४९ ची ऑर्डर पुण्याहून दिली आणि कुरिअर पोचायला अकरा दिवस लागले. तोवर माझी रजा संपून मी परत आलो होतो. तीन दिवस सायकल गोठ्यात उभी होती, आणि मी शेताला जात होतो अण्णांच्या काळ्या सायकलवर. मी पायडल मारतोय, ७१ वर्षांचे अण्णा मागे कॅरिअरवर, आणि हँडलला बियाण्याची पिशवी. ती सायकल वीस-बावीस किलोची तरी असेल. तिने कधी कुणाला वजन विचारलं नाही.

यावर पुण्यातले मित्र म्हणतात, "तू अपवाद सांगतोयस. वर्षातून चार वेळा गावी जातोस, तीनशे दिवस मेट्रोत उचलतोस त्याचं काय?" ठीक आहे, मोजू या. मी एक आठवडा घड्याळ लावून मोजलं. स्टेशनात लिफ्ट आहे. घडी घातलेली सायकल लिफ्टपासून दारापर्यंत ढकलत नेता येते. प्रत्यक्ष हातात उचलून चालण्याचा वेळ दिवसाला दीड मिनिटाच्या वर गेला नाही. चालवण्याचा वेळ, चाळीस मिनिटं. दीड मिनिटासाठी पन्नास हजार, आणि त्या चाळीस मिनिटांत खड्ड्यात सोळा इंची चाक अर्धं जातं त्याचं काय? खरं तर उचलायचा त्रास वजनापेक्षा घडीवर जास्त अवलंबून असतो. घडी घातल्यावर सायकल स्वतःच्या पायावर उभी राहते का, चाकांवर ढकलता येते का, की दोन भाग उघडून साखळीचं तेल पँटला पुसतात? नऊ किलोची नीट न ढकलता येणारी सायकल तेरा किलोच्या ढकलता येणाऱ्या सायकलपेक्षा जड असते. हे वाक्य भौतिकशास्त्रात बसत नाही, पण प्लॅटफॉर्मवर बसतं.

आणि ज्या ब्रॉम्प्टनचं नाव घेऊन हा हलकेपणाचा जप चालतो तिचा इतिहास तरी पाहावा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये हॅरी बिकर्टनने अ‍ॅल्युमिनियमची घडीची सायकल काढली होती. हलकी होती, पण चालवताना वाकायची, लचकायची. १९७५ मध्ये अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरने ती पाहिली, याहून बरी करता येईल असं त्याला वाटलं, आणि त्याने सांगाडा केला पोलादाचा! लंडनच्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी चर्चसमोरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये पहिले नमुने झाले. म्हणजे घडीच्या सायकलींतलं हे सगळ्यात प्रसिद्ध नाव जन्मालाच आलं ते हलक्या सायकलीला कंटाळून. पुढे २०२२ मध्ये त्याच कंपनीने टायटॅनियमची ७.४५ किलोची सायकल काढली, ती गोष्ट वेगळी. ज्याला परवडते त्याने घ्यावी. माझं भांडण हलक्या सायकलीशी नाही, हलकी म्हणजे चांगली या समीकरणाशी आहे.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. चौथ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहत असाल, गुडघे किंवा पाठ कुरकुरत असेल, तर वजन पहिलं. विमानाने वारंवार जात असाल तर देशांतर्गत तिकिटावर चेक-इन सामान साधारण १५ किलो धरलेलं असतं, तिथे तेरा किलोची सायकल आणि तिची पिशवी मिळून कपड्यांना जागाच उरत नाही. तिथे हलक्या सायकलीचे पैसे वसूल होतात. पण मग तिचा एक जादा टायर आणि दोन ट्यूब घरात आणून ठेवल्याशिवाय पहिला प्रवास करू नका.

नियमांचं म्हणाल तर वजनापेक्षा माप आडवं येतं. बंगळूरच्या मेट्रोने २०२१ मध्ये घडीच्या सायकलींना परवानगी देताना १५ किलोची मर्यादा घातली, ती बहुतेकांना चालते. पण मापाची अट होती ६० × ४५ × २५ सेंटिमीटर. ब्रॉम्प्टनची घडी साधारण ६५ × ५९ × २७. म्हणजे जगात जिच्या घडीचं कौतुक होतं तीही कागदावर नापास! रेल्वेच्या डब्यात न्यायच्या पेटीचं माप १०० × ६० × २५, तिथेही दोन सेंटिमीटरनी अडकते. वीस इंची तर अडकतेच. प्रत्यक्षात काय होतं, तर कापडी पिशवीत घातली की ते सामान होतं आणि उघडी ठेवली की सायकल. त्यामुळे मी दोनशे रुपयांची जाड पिशवी टेलरकडून शिवून घेतली आहे. ७२ हजारांच्या खरेदीतला सगळ्यात शहाणा खर्च तोच होता.

टायरनंतर दुसरा प्रश्न वॉल्व्हचा. मोटारसायकलच्या ट्यूबला असतो तसा जाड वॉल्व्ह असेल तर कुठल्याही पेट्रोल पंपावर, कुठल्याही फाट्यावरच्या टपरीवर हवा मिळते. महागड्या सायकलींना कधीकधी बारीक, टोकाला स्क्रू असलेला वॉल्व्ह येतो. त्याच्याकडे चाचांनी ज्या नजरेने पाहिलं असतं, ती कल्पना मला करवत नाही. तिसरा प्रश्न, किती भार झेपतो. ब्रॉम्प्टनची साधी पोलादी सायकल माणूस आणि सामान मिळून ११० किलो म्हणते. माझं वजन ८२. लॅपटॉप, कपडे, आणि परत येताना अण्णांनी दिलेली तुरीची डाळ आणि हळद धरा, काठावरच येतो. त्यानंतर मडगार्ड आणि चाकात फट किती आहे ते पाहा, कारण आमच्याकडची काळी माती पहिल्या पावसात चाकाला अशी चिकटते की चाक फिरायचंच थांबतं. हे सगळं पाहून झाल्यावर मग खुशाल काट्यावर ठेवा.

आता माझ्याकडे तीच वीस इंची, ४०६ वाली, तेरा किलोची आहे. एक गिअर, नट खोलायला १५ नंबरचा पाना. गेल्या पावसाळ्यात तिला बाभळीचा काटा लागला, चाचांनी घमेल्यात ट्यूब बुडवली, बुडबुडा शोधला, सोल्युशन लावलं आणि पैसे न घेता म्हणाले, "हे आपलं वीस हाय."

जुनी हलकी अजून घरात आहे, गॅलरीत. विकायची आहे. आत्तापर्यंत चार जणांनी चौकशी केली आणि चौघांनीही पहिला प्रश्न तोच विचारला. सांगतो मी, नऊ किलो. शिवाय ३४९ चे दोन नवे टायर फुकट देतोय, ते मात्र अजून एकानेही विचारले नाहीत.