वाळवीचा शिपाई ओळखा, मग डबा आणा

वरवट बकाल आणि आसपासच्या संत्रा बागाईतदार बंधूंनो, पाऊस सरला की बागेतला एक देखावा तुमच्या ओळखीचा आहे. बुंध्यावर मातीचा पापुद्रा चढतो. नखाने खरवडला की आत पांढरी वाळवी वळवळते. मग कोणीतरी शेगावला जातो आणि दुकानदार देईल तो औषधाचा डबा घेऊन येतो. वाळवी ना दुकानदाराने पाहिलेली असते, ना घेणाऱ्याने नीट पाहिलेली. महिन्याभरात पापुद्रा पुन्हा हजर, आणि पैसे मात्र गेले.

वाळवी म्हणजे एकच किडा नव्हे. आपल्या देशात तिच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. कोणी मातीत राहते, कोणी वारूळ बांधते, कोणी लाकडातच संसार थाटते. घर कुठे हे कळल्याशिवाय औषध कुठे घालणार?

आता ओळखायची कशी? लाकूड कुरतडतात, माती वाहतात, पिले सांभाळतात त्या कामकरी वाळव्या. त्या सगळ्या जातींत जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यांच्याकडे पाहून शास्त्रज्ञही चटकन जात सांगत नाही. निराळे दिसते ते शिपायाचे डोके. शिपायाला लढण्यापलीकडे काम नाही. त्याचे जबडे इतके वाढलेले असतात की त्याला स्वतः खाताही येत नाही, कामकरी त्याला भरवतात. प्रत्येक जातीचे हत्यार वेगळे, आणि तीच तिची ओळख. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक डॉ. रूनवाल आणि त्यांचे सहकारी छोटानी यांनी १९८९ मध्ये वाळवीवरचा मोठा ग्रंथ काढला. त्यातही जाती ओळखायला शिपायाच्या डोक्यावर आणि जबड्यावरच भर आहे.

शिपाई शोधायला कष्ट नाहीत. पापुद्रा बोटभर फोडा आणि थोडे थांबा. कामकरी आत पळतील आणि पिवळसर तपकिरी डोक्याचे शिपाई भगदाडाशी उभे राहतील. शाळेतल्या मुलाकडे भिंग असेल तर ते घ्या, मुलालाही बरोबर घ्या. पोरांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

शिपाई अर्धा सेंटीमीटरच्या आसपास, जबडे विळ्यासारखे आणि डाव्या जबड्याला आतून एक ठळक दात, असे दिसले तर ती ओडोंटोटर्मिस. या नावाचा अर्थच दातवाली वाळवी. तिच्यातही अनेक जाती आहेत. दात जबड्याच्या टोकाकडे आहे की मध्यावर, डोके किती लांब आणि किती रुंद, हे मोजून त्या वेगळ्या करतात. तो बारकावा तज्ज्ञांवर सोडा. हिच्यातली ओबेसस ही जात वारूळ बांधते. नागपंचमीला आपण ज्या वारुळाला पूजतो ते नागाने बांधलेले नसते आणि मुंग्यांनीही नसते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते काही खोटे नाही! वारुळाच्या पोटात ही वाळवी बुरशीची बाग लावते आणि तीच खाते. पावसाळ्यात वारुळावर अळिंबी उगवते ती त्याच बागेतून. संत्र्याच्या बुंध्यावर ही वाळवी बहुतेक वेळा वरची मेलेली साल खाते. मोठ्या निरोगी झाडाला त्याने फारसे बिघडत नाही, पापुद्रा झाडून काढला तरी पुष्कळ झाले. नव्या कलमांना मात्र जपा. खड्ड्यात कच्चे शेणखत भरणे म्हणजे तिला जेवायला बोलावणे.

शिपाई तांदळाच्या कणीएवढा, जबडे बारीक आणि दात दिसतच नाही, तर ती मायक्रोटर्मिस. माझ्या मते शेतकऱ्याची खरी वैरीण हीच. गहू, कपाशी, भुईमूग यांच्या मुळांत ती शिरते. रोप वाळते आणि ओढले की अलगद हातात येते. ही वारूळ बांधत नाही. तिच्या लहान लहान खोल्या जमिनीत विखुरलेल्या असतात. म्हणून हिच्यासाठी बांधावरचे वारूळ खणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

शिपायाला डिवचल्यावर कपाळावरून दुधासारखा पांढरा थेंब आला तर सावध व्हा. ती कॉप्टोटर्मिस. ती लाकडाच्या आत पोकळी करून राहते, झाडात आणि घराच्या तुळईतही. इथे नुसता पापुद्रा खरवडून भागत नाही. बुंधा किंवा तुळई ठोकून पाहा, पोकळ आवाज येतो का.

आणि डोके पुढे निमुळते, पिचकारीसारखे, शिपाईही लहान-मोठे दोन आकारांचे? ती बांधावरची ट्रायनर्विटर्मिस. तिचे मुख्य खाणे वाळके गवत. तिच्यावर पैसा घालवू नका.

जुन्या मंडळींना आल्ड्रिन आणि बी.एच.सी.ची भुकटी आठवत असेल. दोन्हींवर १९९०च्या दशकातच बंदी आली. कोठीत जुना पुडा सापडला तर तो शेतात टाकू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

खात्री करून घ्यायची असेल तर दहा-बारा शिपाई आणि थोडे कामकरी स्पिरिट भरलेल्या लहान बाटलीत घाला आणि जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात दाखवा. नुसते कामकरी नेलेत तर हात हलवत परत यावे लागेल. गाव, पीक आणि तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी बाटलीतच टाका. पण लिहा शिसपेन्सिलीने. शाईची अक्षरे स्पिरिटमध्ये धुऊन जातात.